गाजर गवत आणि निवासी भूखंडाचा व्यवहार : सातारा व सांगली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
इंग्लंडमध्ये जपानी नॉटवीड या परकीय वनस्पतीविषयी घरविक्रीच्या माहितीपत्रकात विक्रेत्याला स्वतंत्र प्रश्न विचारला जातो. आपल्याकडे ही वनस्पती घरांची समस्या नाही. परंतु तिच्याशी तुलना करावी असे गाजर गवत मात्र अंगणापर्यंत पोहोचले आहे. निवासी मालमत्तेच्या दृष्टीने त्याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्वरूप व प्रसार :
पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे शास्त्रीय नाव असलेली ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील आहे. भारतात तिची नोंद 1955 च्या सुमारास पुण्यात झाली. 'काँग्रेस गवत' या नावानेही ती परिचित आहे. नॉटवीड जमिनीखालील खोडातून पसरते, तर गाजर गवत बियांपासून. एक रोप हजारो बिया देते. वारा, पाणी, वाहने आणि भरावाची माती यांबरोबर त्या दूर जातात. कृष्णाकाठच्या सांगलीत 2005, 2019 व 2021 मध्ये महापूर आले. पुराचे पाणीही बीजप्रसाराचे साधन ठरू शकते. हे गवत घराचा पाया पोखरत नाही, मात्र त्वचारोग व श्वसनाचा त्रास उद्भवू शकतो. म्हणजे हानी इमारतीची नसून रहिवाशांची आहे.

व्यवहारातील दक्षता :
खरेदीदार सातबारा उतारा आणि बिनशेती आदेश तपासतो. माती तपासत नाही. उन्हाळ्यात स्वच्छ दिसणारा भूखंड पहिल्या पावसानंतर गवताने भरू शकतो. म्हणून पावसाळ्यात एकदा प्रत्यक्ष पाहणी करावी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, खरेदीदाराला सामान्य दक्षतेने न कळणारा व आपणास ज्ञात असलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड करावयाचा असतो. हे गवत असा दोष ठरेल काय, हे वस्तुस्थितीवर अवलंबून राहील. तथापि उघड दिसणाऱ्या गवताबाबत खरेदीदाराला तक्रारीस फारसा वाव उरत नाही.

उपाय :
फुलोऱ्यापूर्वी, ओल असताना, हातमोजे व मुखपट्टी वापरून रोपे मुळासकट उपटावीत. फुलोऱ्यापूर्वीच्या रोपांचे कंपोस्ट करता येते. रिकाम्या जागी तरोटा वाढविल्यास गवतास अटकाव होतो. 1984 मध्ये बंगळूर येथे सोडलेला मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात पाने खातो. जमिनीत बिया काही वर्षे टिकत असल्याने हे काम दरवर्षी करावे लागते.

निष्कर्ष :
एका भूखंडाची स्वच्छता शेजारच्या भूखंडावर अवलंबून असते. म्हणून मालक, शेजारी व स्थानिक स्वराज्य संस्था यांनी एकत्रित प्रयत्न केल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही.