चाळीस मिनिटे, चाळीस अंश

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात जून महिन्यात तीन दिवस सायकल शर्यतींची जत्रा भरते. २००६ साली सुरू झालेल्या या शर्यतींचे नाव ‘टल्सा टफ’. शुक्रवारी आणि शनिवारी शहराच्या मध्यवस्तीतले रस्ते अडवले जातात, रविवारी नदीकाठचा मार्ग. या रविवारच्या मार्गात ‘क्राय बेबी हिल’ नावाचा चढ आहे. चित्रविचित्र पोशाख घातलेले प्रेक्षक तिथे दुतर्फा गर्दी करून आरडाओरडा करत असतात. हवा मात्र उत्सवाची नसते. दुपारी पारा ३१-३२ अंशांच्या आसपास, कधी ३५च्याही पुढे, आणि हवेत दमटपणा भरपूर. नागपूरकर हा आकडा ऐकून हसतील. पण ३२ अंश आणि दमट हवा म्हणजे काय, ते मुंबईकराला विचारावे.

या शर्यतींना ‘क्रिटेरियम’ म्हणतात, सायकलवाल्यांच्या तोंडी नुसते ‘क्रिट’. साधारण एक-दीड किलोमीटरचा बंदिस्त मार्ग, त्यात चार-सहा वळणे आणि त्याच मार्गावर पुन्हा पुन्हा फेऱ्या. हौशी महिलांच्या गटाची शर्यत बहुधा ३० ते ४० मिनिटांची असते. ऐकायला सोपे वाटते. पण प्रत्येक वळणावर वेग थोडा कमी होतो आणि वळणातून बाहेर पडताना उभे राहून पूर्ण ताकदीने पेडल मारावे लागते. चाळीस मिनिटांत असे ऐंशी-शंभर झटके बसतात. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवले तर वाऱ्याचा विरोध कमी होतो, म्हणून सगळ्या जणी घोळका करून, कोपराला कोपर लावून जातात. घोळका एकदा सुटला की वारा एकटीने कापावा लागतो, अंतर वाढत जाते आणि पूर्ण फेरीने मागे पडण्याची वेळ आली की पंच शर्यतीतून बाहेर काढतात. उन्हात त्रास होऊ लागला तर वेग कमी करावा, हा माणसाला निसर्गाने दिलेला सर्वात जुना उपाय. क्रिटमध्ये नेमका तोच वापरता येत नाही. वेग कमी केला की शर्यत संपली.

या शर्यतीत उतरणाऱ्या बायका कोण असतात? कोणी शाळेत शिकवते, कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी दिवसभर संगणकासमोर बसणारी. सोमवार ते शुक्रवार घर, गाडी आणि कचेरी तिन्ही वातानुकूलित. सराव पहाटे, नाहीतर घरातच स्टँडवर बसवलेल्या सायकलवर, समोर पंखा लावून. व्यावसायिक खेळाडूंच्या, मोठ्या बक्षिसांच्या शर्यती बहुधा संध्याकाळी असतात, कारण प्रेक्षक तेव्हा येतात. हौशी गटांच्या वाट्याला दिवसाचे उरलेले तास येतात, त्यात भर दुपारही आली. म्हणजे ज्यांच्या शरीराला उन्हाची सवय सर्वात कमी, त्यांनाच ऊन जास्त. आयोजकांचे गणित समजण्यासारखे आहे, पण शरीर ते गणित मानत नाही.

शरीराचे गणित असे. स्नायू हे फारसे कार्यक्षम इंजिन नाही. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के ऊर्जा पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते. एखादी हौशी सायकलपटू सरासरी १८० वॅट इतक्या जोराने पेडल मारत असेल, तर त्याच वेळी तिच्या शरीरात सुमारे ६०० वॅट उष्णता तयार होत असते. एखादा लहान हीटर पोटात चालू ठेवावा तसे. ही उष्णता अजिबात बाहेर पडली नाही, तर ६० किलो वजनाच्या शरीराचे तापमान दर सहा मिनिटांना एक अंशाने वाढेल. ३७ पासून सुरुवात केली तर वीस मिनिटांत ४० अंश ओलांडले जातील, तेव्हा शर्यत अर्धीच झालेली असेल.

तसे होत नाही, याचे श्रेय घामाला. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. हिशेबाने त्या चाळीस मिनिटांची सगळी उष्णता ६०० मिलिलिटर घामात निघून जायला हवी. अट एकच, की घामाची वाफ झाली पाहिजे. हनुवटीवरून टपकणारा किंवा कपड्यांतून निथळणारा घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता फारशी नेत नाही. दमट हवेत वाफ होणे मंदावते. सायकलस्वाराला वाऱ्याचा मोठा आधार असतो खरा, पण घोळक्याच्या मध्यभागी तो वारा तोकडा पडतो. वाऱ्याचा विरोध चुकवावा, की वाऱ्याचा गारवा घ्यावा? दोन्ही एकदम मिळत नाहीत. वर डोक्यावर ऊन, खाली तापलेले डांबर, आणि शर्यत सुरू होण्याआधी त्याच डांबरावर जागा धरून उभे राहण्यात गेलेली दहा-पंधरा मिनिटे. पुष्कळ जणींची शर्यत तिथेच अर्धी हरलेली असते.

इकडे हृदयाची ओढाताण सुरू होते. पायांच्या स्नायूंना रक्त हवे आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेलाही हवे. घामावाटे पाणी गेल्याने एकूण रक्ताचे आकारमान घटत असते. दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी होते, म्हणून ठोके वाढतात. तोच वेग, तीच ताकद, पण नाडी मिनिटाला दहा-पंधराने जास्त. मनगटावरच्या घड्याळात तो आकडा दिसतो आणि ‘आज तब्येत बरी नाही’ असे वाटते. तब्येत ठीक असते, उन्हाचा हिशेब वेगळा असतो.

यापुढे मेंदूचा प्रश्न येतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कसलेल्या सायकलपटूंना उष्ण खोलीत थकून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावले होते. सुरुवातीला कोणाचे शरीर थंड केले होते, कोणाचे गरम. थांबण्याची वेळ वेगवेगळी आली, पण थांबताना शरीराच्या आतले तापमान जवळपास सारखेच होते, ४० अंशांच्या किंचित वर. जणू मेंदूच फ्यूज काढून घेतो. शर्यतीच्या ईर्ष्येत मात्र माणूस हा इशारा काही काळ धुडकावू शकतो. अंगावर काटा येणे, भर उन्हात हुडहुडी भरणे, नजर आक्रसणे, किती फेऱ्या उरल्या ते न आठवणे, ही लक्षणे त्या टप्प्याची आहेत. एकट्याने धावणारा अशा वेळी स्वतः पडतो. क्रिटमध्ये ताशी ३५-४० किलोमीटर वेगाने वळण घेताना एकीचा अंदाज अर्ध्या फुटाने चुकला, तर मागच्या सहा जणी रस्त्यावर येतात. डोक्याला मार लागला आहे की उष्माघात आहे, हे मग तंबूतल्या डॉक्टरलाही पटकन कळत नाही.

बायकांच्या शरीराबद्दल दोन शब्द. मासिक पाळीच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचे मूळ तापमान ०.३ ते ०.५ अंशाने जास्त असते आणि घाम सुटायलाही थोडा उशीर होतो. दुसरीकडे, लहान चणीमुळे वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, हा फायदाच. सराव आणि सवय सारखी असेल तर उष्णता सोसण्यात स्त्री-पुरुषांत फार मोठा फरक उरत नाही. खटकते ते वेगळेच. या विषयावरचे बहुतेक जुने प्रयोग तरुण पुरुषांवर, त्यातही सैनिकांवर झाले आणि बायकांना त्यांचेच आकडे लावले गेले.

१९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांची सायकल रोड रेस आणि महिलांची मॅरेथॉन पहिल्यांदाच झाली. सायकलचे सुवर्णपदक अमेरिकेच्या कॉनी कार्पेंटर-फिनी हिला मिळाले. पण त्या उन्हाळ्यातले जगाच्या लक्षात राहिलेले दृश्य मॅरेथॉनचे. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये वाकडीतिकडी, झोकांड्या खात शिरली आणि शेवटची फेरी पुरी करायला तिला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. ती ३७वी आली आणि सुदैवाने काही तासांत बरी झाली. तिला घाम येतो आहे हे पाहून डॉक्टरांनी तिला थांबवले नव्हते.

ही समजूत आजही घट्ट आहे, म्हणून तिच्याजवळ थोडे थांबायला हवे. उष्माघातात त्वचा कोरडी पडते, हे प्रामुख्याने म्हाताऱ्या, आजारी, घरात उकाड्याने बेजार झालेल्या माणसांबाबत खरे. श्रमाने येणाऱ्या उष्माघातात रुग्ण पुष्कळदा घामाने चिंब असतो. म्हणून घाम पाहून निर्धास्त होऊ नये. बोलणे असंबद्ध आहे का, वागणे विचित्र किंवा चिडके झाले आहे का, तोल जातो आहे का, हे पाहावे. तापमान मोजायचे ते गुदद्वारातून. काखेतले, कपाळावरचे किंवा कानातले तापमान अशा वेळी फसवे असते.

आणि हा ताप नव्हे. तापात मेंदू स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो, म्हणून पॅरासिटामॉल लागू पडते. इथे पातळी जागेवरच असते, शरीर मात्र भट्टी होते. गोळीचा उपयोग शून्य. उपचार एकच, शरीर थंड करणे, तेही तिथल्या तिथे. मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवले तर तापमान दर पाच मिनिटांना सुमारे एक अंशाने उतरते. अमेरिकेतच, मॅसॅच्युसेट्स राज्यात, फाल्मथ येथे ऑगस्टमध्ये सात मैलांची धावण्याची शर्यत होते. तिथल्या तंबूत १८ वर्षांत अशा २७४ रुग्णांवर बर्फाच्या पाण्याने उपचार झाले आणि त्यांतला एकही दगावला नाही. टब नसेल तर ताडपत्री पुरते. चार जणांनी कडा उचलून धरायच्या, मध्ये रुग्ण, वर पाणी आणि बर्फ. आपल्याकडे भरतीच्या मैदानावर किंवा शाळेच्या क्रीडास्पर्धेत बर्फाची लादी आणि ताडपत्री आणायला किती खर्च येतो? आधी थंड करावे, मग रुग्णवाहिका हलवावी. तापमान ३९ अंशांखाली आले की बाहेर काढावे.

शेवटची रेषा ओलांडून एकदम थांबल्यावर येणारी भोवळ मात्र वेगळी. पाय हलायचे थांबतात, रक्त पायांतच साचते, रक्तदाब पडतो. सावलीत आडवे करून पाय वर ठेवले की पाच-दहा मिनिटांत माणूस बोलू लागतो. म्हणूनच जाणत्या सायकलपटू रेषेनंतरही एक-दोन फेऱ्या हळू मारतात.

बचावाचे काय? सर्वात परिणामकारक उपाय फुकट आहे, तो म्हणजे सवय. रोज तास-दीड तास उन्हात बेताचा व्यायाम, एक ते दोन आठवडे. पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातील द्रव वाढतो, मग घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, घामातले मीठ कमी होते. वातानुकूलित कचेरीतून थेट शनिवारच्या दुपारी रस्त्यावर येणे, हे यातले काहीच नव्हे. दुसरा उपाय बायकांच्या कपाटातूनच आला आहे. नायलॉनचे पायमोजे कापायचे, त्यात बर्फाचे तुकडे भरून गाठ मारायची आणि जर्सीच्या आत मानेमागे सोडायचे. व्यावसायिक संघही हेच करतात. सुरुवातीच्या रेषेवरच्या पंधरा मिनिटांत याचा उपयोग होतो. पाणी आधी दोन-तीन तासांत सावकाश प्यावे. चाळीस मिनिटांच्या शर्यतीत एक बाटली पुरते. भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी पिऊन रक्तातले सोडियम घसरण्याचा धोका लांब पल्ल्याच्या शर्यतीत खरा आहे. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम कमी आढळले होते.

ज्यांना खरा उष्माघात होऊन गेला, त्यांना पुढच्या शनिवारच्या शर्यतीत उतरण्याची घाई असते. यकृत, मूत्रपिंड आणि स्नायूंना झालेली इजा बाहेरून दिसत नाही, रक्ततपासणीतच कळते. रुग्णालयातून घरी आल्यावर किमान सात दिवस व्यायाम बंद. तपासण्या पूर्ववत झाल्या की आधी गार हवेत हलका सराव, तो जमला की हळूहळू उन्हात. शर्यत त्यानंतर, बहुतेकींच्या बाबतीत महिन्याभराने.