श्राव्यातीत प्रतिमांतील सीमारेषांचे निर्धारण

श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या (२०,००० हर्ट्‌झपेक्षा अधिक कंप्रतेच्या, मानवी कानास ऐकू न येणाऱ्या तरंगांच्या) साहाय्याने मिळविलेल्या प्रतिमेत अवयवाची, गाठीची वा गर्भाची कड शोधून ती रेखित करण्याची प्रक्रिया. सोनोग्राफी या नावाने परिचित असलेल्या या तपासणीत सामान्यतः २ ते १५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रता वापरतात. ग्लासगो येथील आयन डॉनल्ड, जॉन मॅकव्हिकर व टॉम ब्राउन यांचा या तंत्राच्या वैद्यकीय उपयोगावरील महत्त्वाचा लेख १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

गर्भाच्या डोक्याच्या परिघावरून गर्भाचे वय व वाढ यांचा अंदाज करतात. त्यामुळे सीमारेषेतील चूक या अंदाजातही उतरते. ही रेषा निश्चित करण्यात दोन मुख्य अडचणी येतात. कवटीच्या ज्या भागावर तरंग लंब दिशेने आदळतात, तेथून ठळक प्रतिध्वनी मिळतो. तरंगांच्या दिशेस समांतर असलेल्या बाजूंकडून तो क्षीण येतो व कड तुटक दिसते. दुसरी अडचण कणमयतेची होय. मऊ ऊतकांत ध्वनीचा वेग सेकंदास सु. १,५४० मी. असल्याने ३.५ मेगॅहर्ट्‌झच्या तरंगाची लांबी सु. ०.४४ मिमी. भरते. तीहून सूक्ष्म अशा असंख्य घटकांकडून विखुरलेल्या तरंगांचे परस्परांशी व्यतिकरण होऊन प्रतिमेत ठिपके उमटतात. हे ठिपके म्हणजे ऊतकाची प्रत्यक्ष रचना नव्हे.

तेजस्वितेतील एकाएकी होणारा बदल म्हणजे कड, असे मानणाऱ्या पद्धती या ठिपक्यांनाही कड समजतात. प्रतिमा आधी गुळगुळीत केल्यास ठिपके कमी होतात, पण खरी कडही पुसट होते. मायकेल कास, अँड्रू विटकिन व डिमीट्री टर्झोपोलस यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एक लवचिक वक्र प्रतिमेतील कडांकडे ओढला जातो. मात्र स्वतःचा सलगपणा तो राखतो. डोक्यासाठी उपलब्ध बिंदूंतून विवृत्त (लंबवर्तुळ) बसविण्याची पद्धतही रूढ आहे. २०१५ मध्ये पुढे आलेल्या यू-नेटसारख्या संगणकीय जालांना तज्ञांनी रेखित केलेल्या प्रतिमांवरून शिकविले जाते.

या पद्धती तुटलेली कड पूर्वज्ञानाच्या आधारे जोडतात. त्यामुळे प्रतिध्वनी मिळालेला भाग व केवळ अनुमानाने भरलेला भाग अंतिम रेषेत सारखेच दिसतात. डोक्याचा आकार नेहमीपेक्षा वेगळा असल्यास असे अनुमान चुकू शकते. म्हणून यंत्राने काढलेली रेषा मूळ प्रतिमेशी ताडून पाहणे व शंका असल्यास वेगळ्या कोनातून पुन्हा तपासणी करणे आवश्यक ठरते.