घरच्या कुत्र्याची नखे : कापण्याची रीत व घ्यावयाची दक्षता

सुरत शहराच्या उत्तरेस, तापीपलीकडे असलेले कोसाड हे गाव २००६ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तेथील मजल्यांच्या वसाहतींत कापड व्यवसायानिमित्त खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. गावाकडची सवय सुटत नाही, म्हणून दाराशी कुत्रे हवेच असते. परंतु धुळे-नंदुरबारच्या मुरमाड शिवारात दिवसभर हिंडणाऱ्या कुत्र्याची नखे आपोआप झिजतात. गुळगुळीत लादीवर, जिन्याच्या कठड्याला बांधून ठेवलेल्या कुत्र्याची ती झिजत नाहीत. त्यामुळे गावी जे काम जमीन करीत असे, ते येथे घरधन्यास करावे लागते.

कुत्रे लादीवरून चालताना नखांचा टकटक आवाज येऊ लागला, की नखे वाढली असे समजावे. वाढलेल्या नखामुळे बोटे फाकतात व चाल बिघडते. पुढील पायांच्या आतील बाजूस, जमिनीपासून वर असलेले नख तर चालण्याने कधीच झिजत नाही. ते वळत वळत मांसात शिरते. कुत्रे लंगडते, आणि पाय मुरगळला असे मानून घरचे लोक तेल चोळीत बसतात. सर्वसाधारण कुत्र्यास पुढे प्रत्येकी ५ व मागे प्रत्येकी ४ अशी १८ नखे असतात. काहींच्या मागील पायांनाही आतील नख असते. खेड्यात अशा वीस नखांच्या कुत्र्याचे मोठे कौतुक होते. ती जादा नखेही पाहिली पाहिजेत.

नखाच्या आत रक्तवाहिनी व मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. आपल्या भाषेत त्यास जिव्हाळी म्हणतात, आणि ती दुखावली म्हणजे काय होते हे ज्याने आपले नख खोल कापून घेतले आहे त्यास सांगणे नको. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. तिच्या पुढे थोडे अंतर सोडून कापावे. काळ्या नखात ती दिसत नाही. तेथे अगदी पातळ काप घेत जावे व प्रत्येक वेळी कापलेली बाजू पाहावी. मध्यभागी गडद ओलसर ठिपका दिसू लागताच थांबावे. नख फार वाढले असेल तर जिव्हाळीही पुढे आलेली असते. म्हणून एकाच वेळी आखूड करण्याचा हट्ट धरू नये. आठवड्या-दोन आठवड्यांनी टोक कापीत गेल्यास ती हळूहळू मागे सरते.

पिल्लाची नखे माणसाच्या नेलकटरनेही निघतात. मोठ्या कुत्र्यासाठी कुत्र्यांचेच धारदार नखकापणे घ्यावे. बोथट हत्याराने नख चिरते. पिल्लू घरी आल्यापासून रोज त्याचे पंजे हाताळावेत. पहिल्या दिवशी एखादेच नख कापून खाऊ द्यावा. एकाने कुत्र्यास जवळ घेऊन गोंजारावे व दुसऱ्याने बोट अलगद दाबून नख पुढे आणावे. साधारणपणे तीन-चार आठवड्यांनी हे काम करावे.

रक्त आलेच तर घाबरू नये. तुरटीची पूड किंवा मक्याचे पीठ लावून स्वच्छ फडक्याने काही मिनिटे दाबून धरावे. पंधरा-वीस मिनिटांत रक्त न थांबल्यास पशुवैद्यकास दाखवावे.

या कामात ओरखडा किंवा चावा माणसालाही लागू शकतो, व त्याकडे दुर्लक्ष होते. पिसाळ रोगाचे विषाणू लाळेत असतात आणि कुत्रे आपले पंजे चाटीत असते. रोगाची लक्षणे उमटल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना वा तिखट भरू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे व सांगतील तितक्या लशी पुऱ्या कराव्यात. रक्त आलेल्या जखमेस लशीखेरीज प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. ते विचारून घ्यावे. मुलांनी मार बसेल या भीतीने ओरखडा लपवू नये, हे शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे. पिल्लास तीन महिन्यांचे होताच पहिली लस द्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, सामान्यतः दरवर्षी, ती टोचून घ्यावी.

कुत्रे चावरे असेल, किंवा नख मांसात रुतून पू झाला असेल, तर घरी हात लावू नये. तोंडास जाळी बांधून त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.