विहिरीवरचं इंजान

गावाकडं त्याला ‘इंजिन’ कुणी म्हणत नसे, ते ‘इंजान’. विहिरीच्या काठावर पत्र्याच्या खोपटात सिमेंटच्या ओट्यावर घट्ट बसवलेलं. आधी लिव्हर उचलायची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो, सिलिंडरातली हवा दाबली जात नाही आणि हँडल हलकं फिरतं. जड चाकाला वेग आला की लिव्हर सोडायची. एक हिसका, काळा धूर, मग तालात धडधड. इंजान गार ठेवायला पंपाचंच थोडं पाणी त्यातून फिरवलेलं असे. बाहेर पडताना ते गरम असायचं, थंडीत आंघोळ तिथंच उरकायची.

त्यावर नाव बहुधा किर्लोस्करांचं. लक्ष्मणरावांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी नांगराला आधी गिऱ्हाईकच मिळेना. 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढं तिथं पंपही बनू लागले. पण बैलांची मोट सोडून पंप लावायचा, तर तो फिरवायचा कशानं? शिवारात वीज कुठं होती! अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून आलेल्या लक्ष्मणरावांच्या मुलाच्या, शंतनुरावांच्या पुढाकारानं 1946 मध्ये पुण्यात खडकीला ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ सुरू झाली.

त्यांचं ‘एव्ही-1’ घ्या. एकच सिलिंडर, 553 सीसी, मिनिटाला 1500 फेरे, 5 हॉर्सपॉवर. एवढ्या सीसीची मोटारसायकल याच्या कितीतरी पट ताकद देते; कागदावर हे इंजान अगदीच मठ्ठ. माझ्या मते मठ्ठपणा हाच त्याचा गुण. सावकाश फिरायचं, जाड बिडाचं अंग, आणि उघडलं तर तालुक्याच्या फिटरला समजेल असं पोट. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्येही हेच मॉडेल पोचलं. करंजाच्या तेलावर इंजिन चालवायचे कितीतरी प्रयोग त्याच्यावर झालेत.

मग शिवारात खांब आले, विजेच्या मोटरी आल्या आणि खोपटं ओस पडली. कंपनीनं मात्र लोडशेडिंगचं गिऱ्हाईक धरलं. कागलच्या कारखान्यातही इंजिनं बनतात. आता कितीतरी जनरेटरला जोडलेली दिसतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दवाखान्यामागं. फेरे मात्र बहुतेकांचे अजून तेच, मिनिटाला 1500, कारण आपली वीज 50 हर्ट्झची.