वजन खरें, चरबी अंदाजाची

देऊळगांव राजाच्या बाजूस कापूस पिकविणाऱ्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गाडी कांट्यावर चढली म्हणजे कापसाचें वजन कळतें. पण त्यांत रुई किती व सरकी किती, हें सरकी काढल्यावांचून कळत नाहीं. शंभर किलो कापसांतून रुई साधारणतः ३३ ते ३६ किलो निघते; तथापि हा उतारा वाणागणिक बदलतो, आणि कापूस ओला असला तर वजनही फसवें ठरतें.

हें व्यावहारिक शहाणपण आठवण्याचें कारण असें कीं, हल्ली सुशिक्षित घरांतून 'स्मार्ट' म्हणविणारे वजनकांटे येऊं लागले आहेत. त्यांवर अनवाणी उभें राहतांच मोबाइलवर वजनाबरोबर चरबी, स्नायू, पाणी, हाडें, इतकेंच नव्हे तर शरीराचें 'वय'सुद्धां उमटतें. एकत्र कुटुंबांत सासूबाईंपासून नातवंडांपर्यंत सर्वजण आळीपाळीनें कांट्यावर चढतात व आकड्यांची तुलना सुरू होते. या आकड्यांवर भरंवसा कितपत ठेवावा?

यंत्राची रीत साधी आहे. तळपायांखालील पट्ट्यांतून अतिशय सौम्य विद्युत्प्रवाह, बहुधा सेकंदास ५०,००० आवर्तनांचा, एका पायांतून दुसऱ्या पायाकडे जातो. स्नायूंत पाणी व क्षार असल्यामुळें तो सहज वाहतो. चरबींत पाणी थोडें, म्हणून तेथें अडतो. यंत्र प्रत्यक्ष मोजतें तें वजन आणि हा अडथळा, एवढेंच. बाकीचें सारें आपण सांगितलेली उंची, वय इत्यादि घेऊन एका सूत्रानें काढलेलें असतें. हाडांचें वजनही हिशेबाचेंच. परीक्षाच पाहावयाची असल्यास नोंदींतील उंची पांच सेंटिमीटरांनीं वाढवावी. देह तोच असून चरबी उतरलेली दिसेल! शिवाय अंगांतील पाणी कमी झालें कीं चरबी वाढल्याचा भास होतो. जेवण, व्यायाम, तळपायांची जाड कोरडी कातडी, यांनींही आकडा हलतो.

याहून मोठा दोष असा कीं, पायांतून पायांत जाणारा प्रवाह पोटाकडे फारसा फिरकत नाहीं. आणि आपल्या लोकांचें संकट तर तेथेंच दडलेलें असतें. दिसण्यावरून व वजनावरून चरबी कशी ओळखूं येत नाहीं, याचें एक उदाहरण पुण्याचें आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचींच मोजमापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण क्ष-किरणांच्या तपासणींत चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली! घरगुती कांट्याचें सूत्र परदेशी देहांवरून बसविलेलें असल्यास त्यास असा सडपातळ भारतीय देह कसा ओळखूं यावा? तें त्याला निर्धास्त करील, आणि मधुमेह मात्र आंतल्या आंत मूळ धरील.

याउलट, एखादी तरुण सून वा कॉलेजांतील मुलगी दोन टक्के वाढलेल्या आकड्यास भिऊन अन्न तोडते. तो आकडा चरबीचा नसून कदाचित् त्या दिवशींच्या पाण्याचा असतो, हें तिला कोणी सांगितलेलें नसतें.

म्हणून कांटा टाकून द्यावा, असें आम्ही म्हणत नाहीं. वजन तो चांगलें सांगतो. आठवड्यांतून एकदां, सकाळीं, कांहीं खाण्यापूर्वीं वजन करावें व महिन्यामहिन्यांचा कल पाहावा. चरबीच्या आकड्यावरून आहार वा औषध ठरवूं नये. हृदयांत पेसमेकर बसविलेल्यांनीं व गर्भवतींनीं विजेचें मोजमाप टाळावें. पोटाची बातमी हवी असेल, तर शिवणाच्या पेटींतील फीत पुरे. भारतीय पुरुषाचा कंबरघेर ९० सेंटिमीटरांच्या व स्त्रीचा ८० च्या पुढें गेला, कीं वजन कितीही कमी दिसो, रक्तांतील साखर तपासून घ्यावी. ही फीत घरांतील प्रत्येक प्रौढ माणसाच्या कमरेस वर्षांतून दोनदां तरी लागली पाहिजे.