एक गोळी, दोन नळ्या

बारामतीजवळच्या जळोचीसारख्या गावात राहणाऱ्या मुलांना 'बोअर' हा शब्द शिकवावा लागत नाही. शेतात बोअर घेतला, पाणी लागले, की वडीलमाणसांचे बोलणे सुरू होते, "चार इंची पंप बसवायचा की सहा इंची?" समजा, तुमच्या काकांचे दोन बोअर आहेत, एक चार इंची आणि एक सहा इंची. पंप मात्र एकच घ्यायचा आहे व तो आलटून पालटून दोन्हीकडे वापरायचा आहे. मग कोणता घ्याल?

सहा इंची पंप चार इंची बोअरात उतरणारच नाही. म्हणून चार इंचीच घ्यावा लागेल. पण तो सहा इंची बोअरात सोडला, की भोवती मोठी मोकळी जागा राहते. पाण्यात बुडालेल्या मोटारीला शेजारून वाहणारे पाणीच थंड ठेवते. जागा फार मोठी झाली की पाणी संथ वाहते आणि मोटार तापू लागते. म्हणजे पंप मोठा असला तर अडचण आणि फार लहान असला तरीही अडचण!

नेमका हाच पेच बंदुका घडविणाऱ्यांना कित्येक शतके छळीत आला आहे. लांब नळीची रायफल आणि आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर या दोहोंत एकाच मापाची ओतीव गोळी चालेल का? हा प्रश्न वरवर साधा दिसतो. पण त्याच्या पोटात भूमिती आहे, धातुशास्त्र आहे आणि आपल्या देशाच्या इतिहासातले एक मोठे प्रकरणही आहे.

बारा बोअर म्हणजे काय?

'बारा बोअरची बंदूक' हे शब्द तुम्ही ऐकले असतील. हे बारा कशाचे? इंचाचे नव्हेत, सेंटिमीटरचेही नव्हेत. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५३.६ ग्रॅम शिसे घेऊन त्याच्या बारा सारख्या गोल गोळ्या ओतल्या, तर त्यांपैकी एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी.

चला, गणित करून पाहू. एका गोळीचे वजन ४५३.६ भागिले १२, म्हणजे ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम. म्हणून गोळीचे घनफळ सुमारे ३.३३ घन सेंटिमीटर. गोलाच्या घनफळाच्या सूत्रावरून व्यास निघतो १८.५ मिलिमीटर. पूर्वीच्या कारागिरांजवळ सूक्ष्म मापे घेणारी साधने नव्हती, पण तराजू मात्र होता. म्हणून त्यांनी वजनावरून व्यास ठरविला. आहे की नाही युक्ती?

आता गंमत पहा. पौंडाला २४ गोळ्या केल्या तर गोळीचे वजन निम्मे होते, पण व्यास निम्मा होत नाही. तो १८.५ वरून १४.७ मिलिमीटरवर येतो, म्हणजे केवळ एक पंचमांशाने घटतो. व्यास निम्मा करायचा असेल, तर वजन एक अष्टमांश करावे लागेल.

सैल गोळी, घट्ट गोळी

जुन्या काळी लोहार हाताने नळ्या घडवीत. दोन नळ्यांची भोके क्वचितच अगदी सारखी होत. त्यामुळे बंदुकीबरोबर तिच्या मापाचा गोळीचा साचाही बाळगावा लागे. पण हजारो शिपायांची कवायती फौज उभी करायची, तर प्रत्येकाचा साचा वेगळा ठेवून कसे भागेल? महादजी शिंदे यांच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतीत असे व बंदुका घडवीत असे. अशा कारखान्यांमुळे एकसारख्या मापाचे महत्त्व वाढत गेले.

इंग्रजांच्या फौजेने त्यावर सोपा तोडगा काढला होता. त्यांच्या नेहमीच्या बंदुकीच्या नळीचे भोक सुमारे १९ मिलिमीटरचे, पण गोळी मात्र पौंडाला चौदा या हिशेबाची, म्हणजे साडेसतरा मिलिमीटरची. दीड मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली! त्यामुळे नळीत दारूची काजळी साचली तरी गोळी तोंडातून सुरकन आत जाई आणि नळ्यांत थोडाफार फरक असला तरी तीच गोळी सर्वांना चाले. तोटा एवढाच, की बार उडाला म्हणजे गोळी नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडे आणि नेम चुके. शिवाय दारूचा बराचसा वायू फटीतून निसटून वाया जाई.

यावर उपाय म्हणजे रायफल. तिच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. गोळी त्यांत घट्ट बसली की ती भोवऱ्यासारखी गरगर फिरत बाहेर पडते आणि फिरणाऱ्या भोवऱ्याप्रमाणेच आपली दिशा सोडत नाही. पण घट्ट गोळी तोंडातून आत सारायची म्हणजे कष्ट आले. गज घेऊन ठोकत बसावे लागे.

एका फटीची गोष्ट

१८५३ साली इंग्रजांनी एनफिल्ड रायफल स्वीकारली. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, म्हणजे १४.६६ मिलिमीटर. गोळी ०.५६८ इंचाची, म्हणजे १४.४३ मिलिमीटर. फट उरली जेमतेम पाव मिलिमीटर. याच मापाच्या नळ्या घालून आखूड कार्बाइन आणि घोडेस्वारांची पिस्तुलेही तयार झाली. एक गोळी अनेक हत्यारांना चालावी, हा हेतू होता.

पण इतकी थोडी फट असली की गोळी काजळीत अडकते. ती सुळकन उतरावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावणे भाग पडले. ते वंगण कशाचे? गाईची किंवा डुकराची चरबी असल्याची वार्ता १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम येथून पसरली. काडतूस तर दातांनी फाडावे लागे! पुढचा इतिहास तुम्हांला ठाऊक आहे. २९ मार्चला बराकपूर, १० मे रोजी मेरठ आणि ३१ जुलैला आपल्या कोल्हापुरातील २७ वी पलटण. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास' या आपल्या पुस्तकात या काडतुसांच्या प्रकरणाची हकीकत सांगितली आहे.

त्या उठावाला राजकीय, आर्थिक अशी अनेक कारणे होती, हे विसरू नका. एका गोळीच्या मापाने इतिहास घडत नाही. पण वंगणाची गरज मुळात का पडली, याचे उत्तर मात्र त्या पाव मिलिमीटरच्या फटीत आहे. पुढे इंग्रजांनी गोळीचा व्यास कमी करून ०.५५० इंच केला. फट तिपटीने वाढली आणि गोळी सहज आत जाऊ लागली. मग नेम बिघडला का? नाही. त्या गोळीची मागची बाजू पोकळ होती. बार उडताच वायूच्या दाबाने मऊ शिसे फुगे आणि गोळी खाचांत घट्ट बसे. आत जाताना सैल, बाहेर येताना घट्ट!

रायफल आणि रिव्हॉल्व्हर

पुढे धातूची काडतुसे आली व गोळी मागून भरता येऊ लागली. १८७३ साली अमेरिकेत विंचेस्टर कंपनीची एक रायफल निघाली आणि १८७८ मध्ये कोल्ट कंपनीने तेच काडतूस चालणारे रिव्हॉल्व्हर काढले. दूरच्या मुलखात फिरणाऱ्या माणसाला दोन प्रकारची काडतुसे सांभाळण्याची गरज उरली नाही.

मात्र तंतोतंत मापाचा प्रश्न राहिलाच. समजा, रायफलच्या खाचांमधील व्यास इंचाचे ४२९ हजारांश आहे आणि रिव्हॉल्व्हरचा ४२७ हजारांश. गोळी ४२७ ची ओतली तर ती रायफलमध्ये सैल पडेल. कडेने तप्त वायू निसटेल, शिसे वितळून नळीला चिकटेल आणि गोळीला फिरकी नीट मिळणार नाही. म्हणून माप ठरवायचे ते मोठ्या नळीवरून. गोळी ४३० ची घेतली तर रिव्हॉल्व्हरमध्ये ती तीन हजारांशांनी मोठी होते, पण मऊ शिसे तेवढे दबून घेते. एक हजारांश इंच म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके अंतर.

पण थांबा! रिव्हॉल्व्हरला आणखी एक दार असते. काडतुसे फिरत्या चक्राच्या घरांत असतात आणि गोळी आधी त्या घराच्या तोंडातून व मग नळीत जाते. ते तोंड ४२६ चे असेल, तर आपली ४३० ची गोळी तेथेच आवळली जाऊन ४२६ ची होईल आणि पुढे ४२७ च्या नळीत सैल पडेल. म्हणजे केवळ नळी मोजून भागत नाही. वाटेतले सर्वांत अरुंद दारही मोजावे लागते.

धातूचाही यात वाटा आहे. एकाच साच्यात निव्वळ शिसे ओतले तर ते थंड होताना अधिक आकसते. त्यात कथील आणि अँटिमनी मिसळले तर गोळी कठीण होते व किंचित मोठीही निघते. छापखान्यातील जुने खिळे याच तीन धातूंचे असत, कारण अक्षराची कड साच्याबरहुकूम उमटावी लागे.

नावाला फसू नका

आणखी एक सावधगिरी. वर सांगितलेल्या अमेरिकन काडतुसाच्या नावात '४४' आहे, पण गोळी असते ४२७ हजारांशांच्या आसपास. '३८' म्हणविणाऱ्या रिव्हॉल्व्हरची गोळी भरते ३५७ हजारांश! नाव जुन्या पद्धतीच्या काडतुसावरून पडले आणि तसेच राहिले. १९३५ साली त्याच व्यासाच्या गोळीचे अधिक जोरदार काडतूस निघाले, तेव्हा त्याचे कवच मुद्दाम सुमारे तीन मिलिमीटर लांब ठेवले. कशासाठी? ते जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये म्हणून. व्यास जुळला तरी दाब पेलेलच असे नाही. ते तीन मिलिमीटर माणसाचा हात आणि डोळे वाचवितात.

पुण्याजवळ खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तो आजही चालू आहे. अशा कारखान्यांत माप तपासण्यासाठी प्रत्येक वेळी आकडा वाचत बसत नाहीत. दोन गेज असतात. एकातून वस्तू गेलीच पाहिजे आणि दुसऱ्यातून जाताच कामा नये. दोन्ही अटी पाळल्या तर माल पसंत. बेअरिंग असो वा मोटारीचा दट्ट्या, एकाचा भाग दुसऱ्याला बसतो तो याच शिस्तीमुळे.

करून पहा

शिसे विषारी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. आपल्या गोट्याच बऱ्या! दोन पुस्तके जवळजवळ ठेवून मधल्या फटीत दहा सारख्या गोट्या ओळीने लावा. ओळीची लांबी मोजून दहाने भागा, की एका गोटीचा व्यास मिळेल. मग किराणा दुकानातील तराजूवर त्या दहा गोट्यांचे वजन करा. आता मोठ्या गोट्या, म्हणजे ढप, घेऊन असेच करा. व्यास किती पट झाला आणि वजन किती पट, ते वहीत मांडा. व्यासाच्या पटीचा घन वजनाच्या पटीशी जुळतो का?

जुळला, तर बारा बोअरचे कोडे तुम्ही स्वतः सोडविले. आणि नाही जुळला, तर गोट्यांना दोष देण्याआधी एकदा पुन्हा मोजा!