उजव्या बाजूचा आकडा

साताऱ्यातल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये मी टेक्निशियन आहे. आमच्याकडे येणाऱ्यांना स्वतःचं ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन सगळं तोंडपाठ असतं. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब मात्र जवळजवळ कुणालाच सांगता येत नाही. वर्षानुवर्षं मशीनवर असणाऱ्यांमध्ये तो वाढलेला वारंवार आढळतो आणि ज्यांचा वाढतो त्यांच्या जिवाला धोकाही जास्त असतो. तरी त्याबद्दल कुणी विचारत नाही, याची मला काळजी वाटते.

दंडाला पट्टा बांधून आपण मोजतो ते सगळ्या शरीराला पुरवल्या जाणाऱ्या रक्ताचं बीपी. हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांकडे रक्त ढकलते ते फार कमी दाबानं. निरोगी माणसात तिथला सरासरी दाब पाऱ्याच्या १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो २० च्या वर गेला की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. पूर्वी ही मर्यादा २५ होती. उजव्या कप्प्याची भिंत मुळातच पातळ. जास्त जोर लावत राहावा लागला की ती जाड होते, पुढं कप्पा पसरतो आणि दमतो. मग जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, पोट फुगतं, मशीनवर असताना बीपी एकदम पडतं.

कारण सहसा एकच नसतं. पहिलं पाणी. किडनी गाळत नाही म्हटल्यावर प्यालेलं सगळं अंगातच साठतं, एका लिटरमागं एक किलो. आमच्याकडचे बरेच जण आठवड्यातून दोनदाच येतात, म्हणजे मध्ये तीन-चार दिवसांचा खाडा. त्यात जेवणात पापड, लोणचं, खारवलेली मिरची असेल तर तहान आवरत नाही. पाण्यावर पहारा ठेवणाऱ्या घरच्यांना मी सांगते, आधी मिठावर ठेवा. दिवसाचं सगळं मीठ मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा.

दुसरं, वर्षानुवर्षांच्या बीपीनं ताठर झालेली हृदयाची डावी बाजू. ती नीट सैल होत नाही, आणि मागचं रक्त फुप्फुसांत तुंबतं. रक्त कमी असणं, झोपेत श्वास अडकणं, याचीही भर पडते.

तिसरं कारण आमच्या हाताखालचं आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त. धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला ही १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी जगाला दिलेली देणगी. ब्रेशिया आणि सिमिनो ही त्यातली दोन नावं. मशीनला मिनिटाला सहाशे मिलिलिटर प्रवाहाचा फिस्टुला पुरतो. पण कोपराजवळचे काही फिस्टुले वाढत वाढत दीड-दोन लिटरवर जातात. विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकतं, हे लक्षात घेतलं तर बोजा कळेल. पाटाचं दार उघडंच राहावं तसं ते रक्त मशीन बंद असतानाही रात्रंदिवस आडवाटेनं हृदयाकडं परततं, आणि तेवढं सगळं पुन्हा फुप्फुसांतून ढकलावं लागतं. इस्रायलमधल्या हैफाच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये हीमोडायलिसिसवरचे ५८ पेशंट तपासले, त्यांतल्या सुमारे ४० टक्के जणांचा दाब वाढलेला निघाला. त्यांतल्या काहींचा फिस्टुला तात्पुरता दाबून धरला तेव्हा फुप्फुसांतला दाब उतरला.

हे वाचून कुणी फिस्टुला बंद करायला धावू नये. त्याऐवजी मानेतली नळी कायमची ठेवली तर जंतुसंसर्गाची टांगती तलवार असते. प्रवाह डॉप्लरवर मोजता येतो, आणि फार असेल तर सर्जन तो कमीही करू शकतात.

पाण्याचं एक उदाहरण सांगते. आमच्याकडचे एक काका कायम खुर्चीवर टेकून झोपत. घरचे म्हणत, पाणी जास्त होतंय. त्यांचं ड्राय वेट महिनोन् महिने तेच लिहिलं जात होतं. अंगावरचं मांस उतरलं होतं आणि त्या जागी पाणी भरलं होतं. डॉक्टरांनी वजन थोडं थोडं खाली आणलं, तसे ते पलंगावर आडवे होऊन झोपू लागले. सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. किडनी प्रत्यारोपणानंतर मात्र पुष्कळांचा हा दाब उतरतो.

दाबाचा अंदाज टू-डी इकोवर येतो, खात्री उजव्या हृदयात नळी घालून होते. पण इको केव्हा केली याला फार महत्त्व आहे. अंगात तीन किलो पाणी असताना केली तर आकडा फुगलेलाच येणार. आणि या दाबाच्या नावानं मिळणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. डाव्या हृदयाचा दोष असेल तर त्या अपाय करू शकतात, आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेट चालू असेल तर बीपी जीवघेणं पडतं.

पुढच्या वेळी इको सांगितली तर डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घ्या, आणि रिपोर्टमधला उजव्या बाजूचा दाब डॉक्टरांना विचारून आपल्या डायलिसिसच्या वहीत लिहून ठेवा.